पट्टीवरचा आकडा

आमच्या हॉलवर नवा माणूस आला की त्याचं तोंड नंतर बघतात, आधी त्याच्या रॅकेटची मान बघतात. दांडी संपून फ्रेम सुरू होते तिथं पांढऱ्या चिकटपट्टीचा एक तुकडा असतो आणि त्यावर काळ्या मार्करनं आकडा लिहिलेला असतो. रॅकेटची तार किती पौंडांनी ओढून बांधली आहे, त्याचा तो आकडा. शाहूपुरीत गटिंग करणारे एक मामा आहेत, निम्मं कोल्हापूर त्यांच्याकडूनच तार बांधून घेतं. प्रत्येक रॅकेटला पट्टी लावायची ही त्यांची जुनी सवय. अठ्ठावीसवाला रॅकेट बाकावर ठेवतो ती पट्टी वर करून. चोवीसवाला आपली रॅकेट पालथी ठेवतो. पाणी प्यायला बसलं की गप्पांची सुरुवात तिथूनच होते.

सहा वर्षं माझी पट्टी २८ची होती आणि मी ती कधीही पालथी ठेवली नाही.

मी हॉलवर पहिल्यांदा गेले ती दूध घालायला. आमच्या चार म्हशी आहेत. संध्याकाळी माझे मालक त्या कट्ट्यावर नेतात, लोक पेला घेऊन उभे राहतात आणि त्यांच्या डोळ्यांदेखत धार काढून द्यायची, हा आमचा धंदा. सकाळचं दूध घरोघरी जातं. हॉलवर सकाळी खेळणाऱ्या चौघांचा रतीब होता. किटली बाकावर ठेवून मी दोन मिनिटं खेळ बघायची, दोनाची पाच व्हायची, पाचाची पंधरा. एकदा तिथं खेळणाऱ्या अक्का म्हणाल्या, "नुसतं बघत काय बसलीस? धर की." त्या मूळच्या निपाणीकडच्या, मुलींच्या शाळेत पीटीच्या बाई. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठ्या, आणि आवाज असा की तीन कोर्टांवरचे खेळ थांबावेत. मी साडीचा पदर खोचला आणि रॅकेट धरली. पहिलाच फटका छताच्या पत्र्याला लागला.

"हात हाय का काय हाय!" अक्का म्हणाल्या.

तेव्हा मी एकोणचाळीस वर्षांची होते. लहानपणापासून रोज धारा काढलेला हात होता तो, दुसरं काय असणार? महिन्याभरात साडी जाऊन ट्रॅकपँट आली. वर्षाभरात मी अक्काची जोडीदार झाले आणि अहोजाहो गळून अगंतुगंवर आलो. ती जाळीजवळ उभी राहायची, मी मागं. मागून शटल उंच उडवून पलीकडच्या शेवटच्या रेषेपर्यंत पोचवायचं, त्याला आम्ही टॉस म्हणतो. ते माझं काम. गणपतीनंतर आमच्या हॉलची जोड्यांची स्पर्धा असते, त्यात आम्ही दोघी दरवर्षी असायचो. माझ्या आयुष्यात सगळं दुसऱ्यांसाठी चालतं: म्हशी घरासाठी, घर पोरांसाठी, पोरं त्यांच्या परीक्षांसाठी. सकाळचा हा सव्वा तास तेवढा माझा होता. तो कोणी मला दिलेला नव्हता, मी ओढून घेतलेला होता.

दोन वर्षांनी पहिली स्वतःची रॅकेट घेतली तेव्हा तार कुठली आणि किती पौंड, मला काहीच कळत नव्हतं. अक्काला विचारलं. ती म्हणाली, "माझी सत्तावीस हाय. तुझा हात माझ्यापेक्षा दांडगा. अठ्ठावीस घे. आणि बारीकातली बारीक तार सांग, आवाज कसा टण्ण येतो बघ." मी मामांकडं जाऊन तेच सांगितलं. मामांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा माझ्या मनगटाकडं, आणि बांधून दिली. आवाज खरंच टण्ण यायचा. पुरुष वळून बघायचे. मला ते आवडायचं, उगाच खोटं कशाला बोलू?

गेल्या वर्षी दिवाळीनंतर उजवं कोपर दुखायला लागलं. आधी खेळताना, मग धार काढताना, मग चहाचा कप उचलताना. मी लेप लावला, शेक दिला, पट्टा बांधला. कोपर काही ऐकेना. त्यातून शटल मागच्या रेषेपर्यंत पोचेना झालं, मध्येच पडायचं आणि समोरची बाई ते आरामात खाली ठोकायची. शेवटी डॉक्टरांकडं गेले. ते कोपर दाबून बघत म्हणाले, "ताई, दिवसातून दोनदा धारा आणि वर रोज बॅडमिंटन, एवढं या हाताला झेपणार नाही. दोन्हीतलं एक सोडा."

दोन्हीतलं कुठलं सुटणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. मालक घरी येऊन एवढंच म्हणाले, "मग काय, बॅडमिंटनपायी म्हशी इकू काय?" त्यांच्या बोलण्यात वाकडं काही नव्हतं. पण मी त्या दिवशी भाकऱ्या इतक्या जोरात थापल्या की पोरगी स्वयंपाकघरातून निघून गेली.

अक्कानं तर स्पष्टच सांगितलं. तिला गोड बोलता येत नाही. "स्पर्धेला दोन महिने हायत. तुला सहा आठवडे देते. सहा आठवड्यांनी मागनं मागं टॉस गेला तर आपण जोडी. न्हाय गेला तर मी दुसरी बघते. एकजण तयार बी हाय." घरी जाताना गाडीवर रडले, सिग्नलला थांबल्यावर बंद केलं, सुटल्यावर परत रडले. आणि घर येईपर्यंत ठरवून टाकलं, की म्हशीही सुटणार नाहीत आणि रॅकेटही सुटणार नाही. कसं ते मला माहीत नव्हतं. पण सुटणार नाही.

माझं डोकं तेव्हा सरळ चालत होतं असं मला वाटत होतं. शटल पोचत नाही म्हणजे जोर कमी पडतोय. आता हातात जोर नाही तर तो तारेत आणला पाहिजे. म्हणजे तार अजून घट्ट पाहिजे. मी मामांच्या दुकानात गेले, रॅकेट काउंटरवर ठेवली आणि म्हटलं, "मामा, ह्यावेळी तीस बांधा."

मामांचं दुकान म्हणजे एका गाळ्यात कॅरमबोर्ड, क्रिकेटचे चेंडू, पोहण्याचे चष्मे आणि मधोमध गटिंगचं मशीन. मशीनवर आकडा टाकायचा, ते तार ओढत जातं आणि बरोबर तेवढ्या ओढीला आलं की पीं करून वाजतं. मामांनी मशीन बंद केलं. दुकानात दुसरं गिऱ्हाईक नाही हे बघून घेतलं.

"वैनी, कोपराला काय बांधलंय ते?"

मी सांगितलं. डॉक्टरांचं, अक्काच्या सहा आठवड्यांचं, शटल न पोचण्याचं, सगळं.

"आणि त्यावर तुम्ही तीस बांधा म्हणताय."

"व्हय. जोर पाहिजे."

"जोर पाहिजे तर ढिली घ्यायची असतीया वो तार! ढिली तार शटलला आत घेती आणि मग भिरकावती. घट्ट तार काय भिरकावत न्हाय. तिथं सगळा जोर हातानं घालायचा, आणि बसलेला हादरा बी हातानंच सोसायचा." त्यांनी माझ्या रॅकेटवर टिचकी मारली. टण्ण वाजलं. "ही फळी झालीया फळी."

मला राग आला. "मग हॉलवर सगळे अठ्ठावीसवर खेळतात ते काय खुळे हायत?"

मामांनी पुन्हा दाराकडं बघितलं. "वैनी, हे बाहेर बोलू नका. तुमच्या सबंध हॉलवर खरी अठ्ठावीस एकच हाय. तुमची."

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, मामा, तार चोवीस घाला, पट्टीवर अठ्ठावीस लिव्हा. कोणी म्हणतं, बावीस घाला, सव्वीस लिव्हा. मामा लिहितात. "माझं काय जातंय? शाई माझी, हौस त्यांची. उलट चोवीसनं त्यांचं बी बरं आणि त्यांच्या फ्रेमचं बी बरं."

"मग मला का न्हाय सांगितलं?"

"तुम्ही अठ्ठावीस मागितली आणि पट्टीचं काय बोललाच न्हाय. मला वाटलं, बाईला खरंच पेलतंय. तुमचा हात बघून खरं बी वाटलं." आणि मग जरा ओशाळून म्हणाले, "चुकलं माझं. इचारायला पायजे हुतं."

मी काउंटरवर दोन्ही हात टेकून उभी राहिले. आमच्या घरात तीन पिढ्या दूध गिऱ्हाईकाच्या डोळ्यांदेखत निघतं. पेल्यात जे दिसतं तेच पेल्यात असतं. पट्टीवर एक आणि तारेत दुसरं असू शकतं, हे माझ्या डोक्यात येणारच कसं? त्या बाकावरच्या एकेका दांडग्याची पट्टी मला आठवायला लागली. त्यांच्या खोट्या आकड्यांच्या बरोबरीला उभं राहायचं म्हणून मी सहा वर्षं खरा आकडा कोपरावर सोसला होता. मला इतका संताप आला की मी विचारलं, "कोण कोण हायत? नावं सांगा."

"ते न्हाय सांगणार," मामा म्हणाले. "धंदा हाय."

ते मला पटलं. मी म्हटलं, "बरं. मी बी बाहेर बोलणार न्हाय, शब्द देते. मग माझी आत्ता बांधा. पण मी इथंच उभी राहणार. मशीनवरचा आकडा मला दिसला पाहिजे."

तेव्हापासून सहा आठवडे मी मामांच्या मशीनशेजारी उभी राहत आले. त्यातले पहिले दोन आठवडे डॉक्टरांनी सांगितलेला आराम घेतला; त्या दिवसांत मालकांनी तोंड वाकडं करत का होईना, निम्म्या धारा काढल्या. मनगटाचे आणि दंडाचे व्यायाम मी गॅसजवळ उभी राहून करायचे, दूध उतू जाईपर्यंत. मग खेळायला लागले. मामांनी बारीक तार बंद केली. जाड आणि मऊ तार घातली, जी आवाज कमी करते पण हाताला हादरा कमी देते. आणि आकडा दर आठवड्याला खाली आणला.

बरं वाटतंय की नाही हे कसं मोजायचं? माझ्याकडं माझं माप होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे कितव्या म्हशीला कोपर दुखायला लागतं, ते पंचांगाच्या कॅलेंडरवर लिहायचं. जुन्या तारेवर पहिल्याच म्हशीला दुखायचं. सव्वीसवर दुसरीला. चोवीसवर तिसरी निघाली, चौथीला मालकांना हाक मारावी लागली. कॅलेंडरवरचे ते आकडे बघून सासूबाईंनी विचारलं, "कुठली म्हस गाभण हाय का काय?"

हॉलवर सोपं नव्हतं. मऊ तारेचा आवाज टण्ण येत नाही, भद येतो. चोवीस बांधून गेले त्या दिवशी बाकावरून हाक आली, "वैनी, बाजलं इणून आणलंय काय?" मी मामांना पट्टी मोठ्या अक्षरात लिहायला सांगितली होती. २४. मी रॅकेट बाकावर पट्टी वर करून ठेवली. हसणाऱ्याच्या शेजारीच ठेवली, त्याच्या २८ला चिकटून. तोंडावर आलं होतं, बोलले नाही. मामांना शब्द दिला होता. तो शब्द पाळणं कोपर सोसण्यापेक्षा अवघड गेलं.

एकदा मी घाई केली. खाली आणून एवढा फायदा होतो तर अजून खाली का नको, म्हणून वीस बांधून घेतली. मामा नको म्हणत होते. दुसऱ्या दिवशी शटल माझ्या हातातून असं सुटलं की मागच्या रेषेबाहेर, भिंतीवर, एकदा तर पाण्याच्या पिंपावर. कोपर अजिबात दुखलं नाही, पण एकही गुण मिळाला नाही. समोरच्या बायका हसून हसून वाकल्या. मी तशीच गाडीवर बसून शाहूपुरीला गेले आणि म्हटलं, "मामा, तुमचं खरं. आता तुम्ही सांगा."

मामांनी मला दुकानाबाहेरच्या रस्त्यावर दोन-चार फटके नुसतेच हवेत मारायला लावले. माझा हात बघितला, पकड बघितली. म्हणाले, "बावीस. आणि वैनी, दांडी अशी आवळून धरू नका. फटका मारायच्या क्षणी आवळा, बाकी सोडा." मग मशीनवर २२ टाकलं आणि मला दिसेल असं वळवून ठेवलं. मशीन पीं करून वाजत गेलं आणि मी प्रत्येक वेळी आकडा बघत राहिले.

घरी येताना माझ्या डोक्यात आलं, की पकड मी तर रोज दोनदा शिकते. सड आवळून धरला की म्हैस पान्हा चोरते. हाताला दम असला तरी तो धरून ठेवायचा नसतो, धारेपुरता लावायचा असतो आणि लगेच सोडायचा असतो. हे मला वयाच्या आठव्या वर्षी कळलं होतं. रॅकेट हातात आली आणि मी ते विसरले, कारण शेजारी बघणारे होते.

सहा आठवडे संपले त्या दिवशी अक्कानं बाकीच्यांना कोर्टावरून उठवलं. स्वतः पलीकडच्या टोकाला उभी राहिली. "चाळीस टॉस. मागनं मागं. मी मोजते."

मी मारत गेले. भद, भद, भद. पहिल्या दहात दोन आखूड पडले. मग हात सुटला. शटल वर जायचं, छताच्या खाली वळायचं आणि तिच्या मागच्या रेषेवर पडायचं. ती मागं सरकत होती, अजून मागं, शेवटी भिंतीला टेकली. बाकावरून कोणीतरी म्हणालं, "वैनींचा विषयच हार्ड हाय." चाळीस झाले. अडतीस आत होते.

मला वाटलं आता ती हसेल. ती जाळीशी आली आणि म्हणाली, "आत्ताचं कळलं. उद्या सकाळचं कळायला पायजे. धारा काढताना बघायला येते." माझ्या कॅलेंडरची गोष्ट मीच तिला कधीतरी सांगितली होती.

पहाटे पाचला ती खरंच गोठ्यात आली, हॉलवर जायच्या कपड्यांत, पाठीला रॅकेटची बॅग. मी बोलावलं नाही, बस म्हटलं नाही. बादली घेतली आणि थोरलीखाली बसले. पहिली झाली. दुसरी झाली. अक्का दावणीच्या खांबाला टेकून उभी होती आणि माझ्या कोपराकडं बघत होती. तिसरी झाली. चौथी आमची वांड आहे, लाथा झाडते, तिच्या धारेला सगळ्यात जास्त वेळ लागतो. अर्ध्यावर आले तरी कोपर गप्प होतं. मी वर बघून म्हटलं, "दुखत न्हाय."

अक्का रडत होती. आठ वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं.

तिनं बॅगेतून रॅकेट काढली, मानेवरची २७ची पट्टी नखानं उचकटली आणि चुरगाळून मुठीत धरली. "तेवीस हाय ती," ती म्हणाली. "पयल्यापासनं तेवीसच. तुला सांगितलं तवा बी तेवीसच हुती."

माझा हात थांबला. म्हशीनं मान वळवून बघितलं.

"तू दुखतंय म्हणायला लागलीस तवा सांगायला पायजे हुतं," अक्का म्हणाली. "लाज वाटली. समद्या हॉलसमोर सत्तावीस म्हणत आले हुते. त्यापेक्षा दुसरी जोडीदार बघणं सोपं वाटलं."

मला राग आला, आणि मी तो लपवला नाही. मी तिला सांगितलं की तुझ्या एका आकड्यापायी मी चहाचा कप डाव्या हातानं उचलत होते. सांगितलं की सिग्नलवर रडले. सांगितलं की तू सहा आठवडे दिलेस तेव्हा तुझ्या पाठीवर ही रॅकेट होती. ती मान खाली घालून ऐकत राहिली. बोलून झाल्यावर मला दम लागला होता.

मग मी उठले. बादली तिच्या हातात दिली.

"बस."

"मी? मला येत न्हाय."

"मला बी रॅकेट येत नव्हती. तू धर म्हणालीस. बस."

ती बसली, पीटीच्या बाई, ट्रॅकसूटमध्ये, वांडीखाली. तिनं सड असा आवळला की म्हैस पाठ वाकवून उभी राहिली आणि दुधाचा थेंब खाली येईना. अक्का घामाघूम झाली. मी तिच्या मागं वाकले, तिच्या मुठीवर माझी मूठ ठेवली आणि तिचं एकेक बोट सैल केलं.

"ढिलं सोड, अक्का," मी म्हटलं. "इथं बघायला कोण न्हाय."

बादलीत धार वाजली. दोघींनी मिळून ती म्हैस संपवली, आणि मग अक्काच्या रॅकेटला खऱ्या आकड्याची पट्टी लावून घ्यायला शाहूपुरीत दुकान उघडायच्या आधीच जाऊन मामांच्या पायरीवर बसलो.